विरजण कोण सांभाळणार? द्रव आणि कोरड्या यीस्टच्या वादाची समीक्षा



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. बिअर, तीही घरी बनवायची, आणि त्यावर मानपाड्यात जाहीर व्याख्यान! म्हणून आधी कायद्याचं बोलून घेतो. आपल्या राज्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. ‘आमच्या घरापुरती, वीसच लिटर’ ही सबब तिथे चालत नाही. तेव्हा इथून घरी जाऊन कुणी बादली-नळी काढून बसावं, असा आमचा अजिबात हेतू नाही.

मग हा विषय घेतला कशाला? एक म्हणजे, ही व्याख्यानमाला ऐकणारे-वाचणारे बरेच जण अशा देशांत राहतात जिथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून त्याला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ साली संघराज्याच्या पातळीवर कायदा झाला आणि घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दुसरं म्हणजे, आपल्या आसपासही परवानाधारक छोटे बिअर कारखाने उभे राहिले आहेत. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झालं. आपल्या डोंबिवलीतल्या ‘गेटवे ब्रुइंग’ची बिअर २०१४ पासून मुंबईच्या बारमध्ये जायला लागली. म्हणजे हा विषय ‘तिकडचा’ राहिलेला नाही. आणि तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. द्रव यीस्ट घ्यावं की कोरडं, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात एक मोठा पूर्वग्रह दडलेला आहे. तो पूर्वग्रह फक्त बिअरचा नाही. पावाबद्दल, दह्याबद्दल, एकूणच आंबवलेल्या पदार्थांबद्दल आपण ज्या पद्धतीने बोलतो, तिथे तो सगळीकडे भेटतो. आज त्याची तपासणी करायची आहे.

तर तो पूर्वग्रह काय आहे? सल्ला साधारण असा मिळतो: नवशिक्यांनी कोरडं यीस्ट वापरावं, ते सोपं आणि स्वस्त आहे, हात बसला की द्रव यीस्टकडे वळावं, कारण खरी चव तिथे आहे. ऐकायला हा सल्ला सौम्य वाटतो. पण त्यात एक चढण गृहीत धरली आहे. खालच्या पायरीवर पुडी, वरच्या पायरीवर पिशवी किंवा बाटली. पुडी म्हणजे बालवाडी. ही चढण कुठून आली, हे बघायला थोडं मागे जाऊ.

बिअर हजारो वर्षं बनत होती, पण तिच्यात यीस्ट नावाचं काही काम करतं हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं आहे. यीस्टचा उल्लेखच नाही. तरी यीस्ट होतंच. एका बॅचच्या तळाशी उरलेला साका पुढच्या बॅचमध्ये घालत राहायचं, इतकं ज्ञान पुरेसं होतं. पुढे लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि आंबण्यामागे सूक्ष्मजीव आहेत हे ठसवलं. मग १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सन याने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. तिथून ‘वाण’ ही कल्पना आली. आपण जसं कोलम वेगळा, आंबेमोहर वेगळा म्हणतो, तसं हे यीस्ट वेगळं आणि ते वेगळं.

कोरड्या यीस्टचा जन्म मात्र पावासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जिथे शीतकपाट नाही तिथेही ताजा पाव हवा होता. फ्लायशमन कंपनीने त्यासाठी टिकणारं कोरडं यीस्ट काढलं. १९७०च्या दशकात फ्रान्सच्या लेसाफ्र कंपनीने पिठात थेट मिसळता येणारं बारीक दाण्याचं यीस्ट आणलं. आज आपल्या वाणसामानाच्या दुकानात जी पुडी मिळते ती याच वंशातली.

आता घरगुती बिअरचं बघा. सुरुवातीच्या काळात माल्टच्या अर्काचा डबा मिळायचा आणि त्याच्या झाकणाखाली यीस्टची छोटीशी पुडी असायची. त्या पुडीत कुठलं वाण आहे, किती जुनं आहे, गोदामात किती महिने तापलं आहे, कशाचाच पत्ता नसे. अशा पुडीची बिअर कशी होणार? लोकांनी कोरड्या यीस्टच्या नावाने खडे फोडले, ते योग्यच होतं. मग १९८६ साली ओरेगनमध्ये ‘वायीस्ट’ आणि १९९५ साली सॅन दिएगोत ‘व्हाइट लॅब्ज’ या कंपन्या सुरू झाल्या. नामांकित बिअरगृहांच्या परंपरेतली वाणं द्रवरूपात घरगुती लोकांच्या हाती आली. फरक जमीन-अस्मानाचा होता. तेव्हा जो म्हणाला की द्रव यीस्ट श्रेष्ठ, तो त्याच्या काळापुरता बरोबर होता.

आमची तक्रार इथून सुरू होते. ती तुलना एका विशिष्ट काळातल्या वाईट पुडीशी होती. पुढे पुडी बदलली, सल्ला बदलला नाही. आज लागर बिअरसाठी जगभर वापरलं जाणारं वायहेनश्टेफानचं ‘३४/७०’ हे वाण कोरड्या रूपात मिळतं. अमेरिकी पेल एलचं स्वच्छ चवीचं वाण मिळतं, इंग्रजी एलचं मिळतं. पुडीवर वाणाचं नाव असतं, तारीख असते, तापमानाच्या सूचना असतात. मोठमोठे व्यावसायिक कारखाने ते वापरतात. तरीही बोलताना आपण ‘कोरडं चालेल, पण...’ असंच म्हणतो. त्या ‘पण’मध्ये झाकणाखालची जुनी पुडी अजून शिल्लक आहे.

बरं, आणखी एक घोटाळा आपल्याकडचा आहे. आपल्याकडे कोरडं यीस्ट म्हटलं की डोळ्यांपुढे बेकरीचं यीस्ट येतं. बेकरीचं आणि एल बिअरचं यीस्ट एकाच जातीचं, सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी, हे खरं. पण बेकरीचं वाण निवडलं जातं ते भराभर वायू सोडावा म्हणून. बिअरचं वाण निवडताना ते काम संपल्यावर नीट तळाशी बसतं का, माल्टमधली साखर कितपत संपवतं, मागे कुठला वास ठेवतं, हे बघितलं जातं. बेकरीच्या पुडीने बिअर गढूळ आणि ओबडधोबड होते, आणि दोष लागतो तो कोरडेपणाला. खरा दोष चुकीच्या वाणाचा आहे. शेरवाणी शिवायला तंबूचं कापड घेतलं तर शिंप्याला बोल लावून काय उपयोग?

आता यीस्ट वाळवतात म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू. कारखान्यात यीस्ट मळीवर, भरपूर हवा देऊन वाढवतात. शेवटी शेवटी त्याला थोडं उपाशी ठेवतात, म्हणजे पेशी आपल्या आत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. ही साखर पेशीचं आवरण सुकताना सांभाळते. मग हलक्या गरम हवेवर पाणी काढून टाकतात. दाण्यात शंभर भागांत चार ते सहा भाग पाणी उरतं. काही पेशी या प्रवासात मरतात. उरलेल्या झोपी जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर बियाणं तयार होतं.

हवेवर वाढल्यामुळे या पेशींच्या आवरणात स्टेरॉल नावाचे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. नव्या पेशी जन्मताना त्यांची गरज लागते. द्रव यीस्ट घातलं तर माल्टच्या काढ्यात आधी हवा खेळवावी लागते, नाहीतर यीस्ट अडतं. कोरड्या यीस्टला पहिल्या खेपेला त्याची फारशी गरज नसते. शिदोरी बरोबर घेऊनच ते आलेलं असतं. म्हणजे एका बाबतीत तरी कोरडी पेशी द्रव पेशीपेक्षा जास्त तयारीची असते. ‘कमअस्सल’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

थोडं गणित करू, घाबरू नका. एल प्रकारच्या बिअरसाठी रूढ हिशेब असा आहे: काढ्याच्या दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला, साडेसात लाख पेशी. प्लेटो म्हणजे काढ्यातल्या साखरेचं माप. वीस लिटर काढा, १२ अंश प्लेटो. वीस हजार गुणिले बारा गुणिले साडेसात लाख. उत्तर येतं १८० अब्ज पेशी. लागरला याच्या दुप्पट. द्रव यीस्टच्या नेहमीच्या पिशवीत, ताजी असताना, साधारण १०० अब्ज पेशी असतात. म्हणजे ताजी पिशवीसुद्धा अपुरी पडते. म्हणून आधी लिटर-दीड लिटर पातळ काढा करून, त्यात यीस्ट घालून, एक-दोन दिवस ते वाढवून घ्यायचं. याला स्टार्टर म्हणतात. आणि पिशवी फ्रीजमध्ये ठेवूनही दर महिन्याला त्यातला साधारण पाचवा भाग पेशी मरतात, असा ठोकळ हिशेब धरला जातो. कोरड्या यीस्टचं प्रमाण उत्पादक सांगतात ते एलसाठी शंभर लिटरला ५० ते ८० ग्रॅम. वीस लिटरला १० ते १६ ग्रॅम झाले. घरगुती पुडी साडेअकरा ग्रॅमची असते. फोडायची, घालायची.

आता हा सगळा हिशेब मानपाड्यात आणून बघू.

मानपाडा म्हटलं की रिक्षावाला विचारतो, कुठला? ठाण्याचा घोडबंदर रोडवरचा, की डोंबिवलीचा कल्याण-शीळ रस्त्याजवळचा? आमच्या मुद्द्याला दोन्ही चालतील, कारण हवा एकच. मे महिन्यात घरातला पारा ३३-३४ च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. हवा दमट, त्यामुळे आपला माठ विदर्भातल्या माठाइतका पाणी गार करू शकत नाही. बहुतेक एल यीस्टना हवं असतं १८ ते २२ अंश. लागरला ९ ते १५. शिवाय आंबताना काढा स्वतःच काही अंशांनी तापतो. यीस्टला जास्त ऊब मिळाली की ते धावत सुटतं आणि मागे नको ते सोडतं: जड अल्कोहोल, ज्यांनी घशाला जाळ लागतो, फळांचे नको तितके वास, कधी थिनरसारखा दर्प.

म्हणजे आपल्यासारख्या हवेत पहिला प्रश्न द्रव की कोरडं हा नाहीच. पहिला प्रश्न गारवा कुठून आणणार, हा आहे. तापमान हाताशी नसेल तर जगातलं सगळ्यात भारी द्रव वाणही थिनरचा वास देईल. आणि तापमान हाताशी असेल तर साधी पुडीही स्वच्छ बिअर देईल. परदेशी पुस्तकात हे ठळक लिहिलेलं नसतं, कारण तिथल्या तळघरात १८ अंश फुकट मिळतात. जी गोष्ट फुकट मिळते तिची किंमत कुणी लिहून ठेवत नाही. आणि आपण ते पुस्तक वाचतो तेव्हा फक्त यीस्टच्या नावांची यादी उचलतो.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. द्रव यीस्टला कारखान्यापासून तुमच्या फ्रीजपर्यंत सलग दोन-चार अंशांचा गारवा हवा. मध्ये एकदा जरी साखळी तुटली, गोदामात दोन दिवस पडून राहिलं, टेम्पो टोलनाक्यावर उन्हात उभा राहिला, दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, तरी पेशी मरायला लागतात. आणि पिशवी बाहेरून तशीच दिसते! कोरडं यीस्टही उन्हात ठेवायचं नाही, तेही थंड आणि कोरड्या जागीच ठेवायचं. पण ते काही आठवडे साध्या हवेत तग धरतं, आणि बंद पुडी नीट ठेवली तर वर्षा-दोन वर्षांनीही कामाला येते. ज्या सैन्यासाठी हे काढलं, त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच होती. शीतकपाटाचा भरवसा नाही.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं सोयीचं झालं. पण द्रव ते जिवंत, नैसर्गिक, परंपरेतलं. कोरडं ते कारखान्यातलं. हा पूर्वग्रहाचा दुसरा पदर आहे आणि आम्हाला तो पहिल्यापेक्षा चिवट वाटतो. त्याची परीक्षा आपल्याच मुलखात होते.

गोव्याचा पाव घ्या. पोर्तुगीजांबरोबर पाव आला, पण त्यांच्या देशातलं खमीर आलं नाही. गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर वापरली. सूर म्हणजे माडी. पोगीतून रस गळतो, मडक्यात पडेपर्यंतच त्यात यीस्ट आणि जिवाणू कामाला लागलेले असतात. तेच द्रव खमीर पिठात घालायचं. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतही फुगियास फुगत असत ते माडीवरच. हे आपलं अस्सल द्रव यीस्ट. त्याची चव, त्याचा हलका आंबूसपणा याबद्दल जुनी माणसं हळहळून बोलतात. आणि आज बहुतेक पोदेर पुडीचं यीस्ट वापरतात. यावर जे लेख येतात त्यांचा सूर ठरलेला असतो: परंपरा गेली, पुडी आली.

पण ती गेली कशी, हे बघायला हवं. सूर टिकत नाही. सकाळची गोड, दुपारी चढलेली, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेवर. म्हणजे ती रोज हवी. रोज हवी म्हणजे रेंदेर, माडावर चढणारा माणूस, दिवसातून दोन-तीनदा माडावर चढायला हवा. पावसात, निसरड्या बुंध्यावरसुद्धा. रेंदेराच्या मुलाने ते काम सोडलं, जहाजावर किंवा आखातात नोकरी धरली, तर त्याला दोष कोण देणार? पुडीने सुरेला हरवलं असं आपण म्हणतो. सूर आणून देणारा माणूस आधी कमी झाला आणि पोदेराने मोकळ्या जागी पुडी ठेवली, असं म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून होईल. द्रव खमीर हे कधीच नुसती वस्तू नव्हतं. ते कुणाच्या तरी रोजच्या कष्टावर उभं होतं.

आणि कोरडं म्हणजे कारखान्याचं, हेही खरं नाही. झारखंडात संथाळ, हो, मुंडा लोक तांदळाची हंडिया करतात, तिचं खमीर ‘रानू’ म्हणजे तांदळाचं पीठ आणि वनस्पतींच्या मुळ्या-साली यांच्या वाळवलेल्या गोळ्या. सिक्कीम-दार्जिलिंगकडे ‘मर्चा’ नावाच्या वाळलेल्या चकत्या, लडाखमध्ये छांगसाठी ‘फाब’. नॉर्वेच्या खेड्यांत ‘क्वाइक’ नावाचं शेतकऱ्यांचं यीस्ट लाकडाच्या कोरीव ओंडक्यावर किंवा गवताच्या कड्यावर माखून सुकवत आणि पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवत. म्हणजे माणसाला यीस्ट वाळवायची युक्ती कारखान्याच्या कितीतरी आधी सापडली होती. जिथे रोज बिअर होत नाही, सणासुदीला होते, तिथे ती सापडली. रोजचं असेल तर ओलं ठेवा, कधीमधीचं असेल तर वाळवा. आपली आजी कुरड्या-पापडांच्या बाबतीत हेच करत होती.

जाता जाता, या क्वाइकमधलं व्हॉस भागातलं वाण ३५ ते ४० अंशांवर सुखाने काम करतं आणि संत्र्यासारखा वास देतं. ते आता कोरड्या पुडीत मिळतं. आपल्यासारख्या उष्ण हवेला सोयीचं वाण नॉर्वेच्या बर्फातून यावं, ही गंमतच आहे. पण यातूनही तेच दिसतं. वाण आपल्या हवेला जुळतं का, हे आधी बघा. ओलं की सुकं हे नंतर.

आता दुसरी बाजू. आम्ही कोरड्या यीस्टची वकिली करायला उभे नाही आणि द्रव यीस्टच्या बाजूने जे खरं आहे ते सांगितलंच पाहिजे.

काही बिअर अशा असतात की त्यात माल्ट आणि हॉप्स मागे बसतात आणि यीस्ट गातं. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर ही त्यातली पहिली. डोंबिवलीच्या ‘गेटवे’ची ‘व्हाइट झेन’ ही याच घराण्यातली. तिच्यातला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास कुणी वरून घातलेला नसतो. तो यीस्टने केलेला असतो. इथे वाण बदललं की बिअर बदलते. कोरड्या रूपात अशी वाणं मिळतात, पूर्वीपेक्षा चांगली मिळतात, पण निवड थोडी. द्रवरूपात जितकी विविधता आहे तितकी पुडीत नाही. बेल्जियमच्या मठांतली बिअर, आंबट बिअर, मिश्र वाणांची बिअर यांबाबतही तसंच. सगळीच वाणं वाळवणं सहन करत नाहीत, आणि जी करतात त्यांतली सगळीच वाळवणं कारखान्याला परवडत नाही. तेव्हा ज्याला अशीच बिअर हवी आहे त्याने द्रव यीस्ट शोधावं, त्यासाठी फ्रीजमध्ये जागा करावी, स्टार्टर करावा. तो खर्च आणि ती मेहनत तिथे सार्थ आहे. आमचा आक्षेप एवढाच की, साध्या पेल एलसाठीही हीच यातायात करायला लावून तिला ‘पुढची पायरी’ म्हणू नये.

आणि आता एक गोष्ट, जी या वादात फार क्वचित बोलली जाते. द्रव आणि कोरडं हा फरक फक्त पहिल्या बॅचपुरता आहे. बिअर झाली, यीस्ट तळाशी बसलं. तो साका बघा. त्यात पुडीचा मागमूस नाही. ते आता द्रव यीस्टच आहे, आणि पहिल्या पिशवीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. व्यावसायिक कारखाने हाच साका स्वच्छपणे काढून घेतात आणि पुढच्या बॅचला घालतात. असे पाच-सात-दहा फेरे होतात, मग नवं यीस्ट आणतात. दुसऱ्या फेऱ्यापासून हवा खेळवणं, मोजणं, सांभाळणं सगळं दोघांनाही सारखंच. म्हणजे ज्याला आपण दोन जाती समजून भांडलो ते एकाच जिवाचे दोन मुक्काम निघाले.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. कारण आपल्या प्रत्येक घरात विरजण आहे. रात्री दूध कोमट करायचं, कालच्या दह्याचा चमचा घालायचा, झाकून ठेवायचं. ते चमचाभर दही हे आपलं द्रव खमीर. ते टिकतं, कारण घरात रोज दही लागतं आणि कुणीतरी रोज आठवणीने चमचाभर बाजूला काढतं. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी आलो की विरजण गेलेलं असतं. मग शेजारी वाटी घेऊन जायचं. विरजण श्रेष्ठ की पुडी, असा वाद आपण घालत नाही. आपल्याला माहीत असतं की प्रश्न रोज सांभाळणारं घरात कुणी आहे का, हा आहे. आणि अजून एक माहीत असतं, पण आपण बोलत नाही: ते सांभाळणारं माणूस बहुतेक घरांत एकच असतं आणि ते कोण असतं.

म्हणून यीस्टच्या निवडीबद्दल आमचं म्हणणं असं. जो आठवड्याला बॅच लावतो, ज्याच्याकडे गारव्याची सोय आहे, साका काढायची स्वच्छ व्यवस्था आहे, त्याने द्रव यीस्ट जरूर ठेवावं. त्याच्याकडे ते जगेल. जो दोन-तीन महिन्यांतून एकदा करतो, त्याने पुडी घ्यावी आणि कसलाही कमीपणा मानू नये. दुसऱ्या कुणीतरी, दूरच्या कारखान्यात, त्याच्या वतीने सांभाळ करून ठेवला आहे. तो त्या सांभाळाचे पैसे देतो आहे, एवढंच. गव्हाची किंवा बेल्जियन बिअर हवी असेल तर वाणासाठी द्रवाकडे जावं. आणि दोन्ही बाबतींत, यीस्टवर पैसे घालण्याआधी तापमानावर घालावेत.

यात खरं पणाला काय लागलं आहे, तेही सांगून थांबतो. पुडीत तीच वाणं येतात ज्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. सुरेतलं यीस्ट, रानूच्या गोळीतलं यीस्ट यांना असं गिऱ्हाईक नाही. ती ज्या माणसांच्या हातांवर जगत होती ती माणसं कामं सोडत आहेत. त्यांनी झाडावर चढतच राहावं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण वाण जपायला दुसरे मार्ग आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जगात असे अनेक संग्रह आहेत. आणि तिथे जीव दीर्घकाळ जपायची एक नेहमीची रीत कुठली? गोठवून, वाळवून, काचेच्या नळीत बंद करून ठेवायची. म्हणजे ज्या कोरडेपणाला आपण परंपरेचा मारेकरी ठरवतो, तोच उद्या सुरेतल्या यीस्टला वाचवू शकतो. मात्र त्यासाठी आज, सूर मिळते आहे तोवर, कुणीतरी ती नळीत भरून नेली पाहिजे. सूर गेल्याचा शोक करणाऱ्या लेखांत ही मागणी दिसायला हवी, ती आम्हाला क्वचितच दिसते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘द्रव बरं की कोरडं?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी त्याला उलट विचारा: किती वेळा करणार? गारवा कुठे आहे? आणि मधल्या दिवसांत सांभाळणार कोण? या तीन उत्तरांत त्याचं यीस्ट त्याला सापडेल.

 आता प्रश्न घेऊ.